मुलांच्या हातातला कॅमेरा

शाळकरी मुलामुलींनी स्वतः केलेले लघुपट आणि त्यांना मिळणारे पुरस्कार हा विषय आपल्या नियतकालिकांतून फारसा चर्चिला गेलेला नाही. कविता, आत्मकथन, नाटक, जलसा यांवर आपण भरपूर लिहिले. चित्रपटाचा विषय निघाला की नायक कोणत्या जातीचा दाखवला इथवर येऊन आपण थांबतो. कॅमेरा कोणाच्या हातात होता, काय घ्यायचे आणि काय कापायचे हे कोणी ठरवले, हा प्रश्न मागेच राहतो. आणि तो हात चौदा वर्षांच्या मुलीचा असेल तर प्रश्न अधिकच अवघड होऊन बसतो.

मी चित्रपटाचा अभ्यासक नव्हे. किनवटच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी पदवीपर्यंत कोणी पोचले नव्हते. तिसरी-चौथीत असताना शाळा पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने माझा फोटो काढला होता. खांद्याला खताच्या पोत्याची पिशवी, तेच दप्तर. तो फोटो कुठल्याशा अहवालात छापला गेला आणि लोकांना फार आवडला, असे पुढे गुरुजींनी कौतुकाने सांगितले. मी तो अजून पाहिलेला नाही. पुरस्कार मिळालेल्या मुलांची छायाचित्रे पाहताना मला तो फोटो आठवतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

आता पुरस्कारांकडे वळू. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या याद्यांत अलीकडे मराठी मुलांची नावे ठळकपणे दिसतात. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला २०१० सालासाठीच्या ५८ व्या पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील सूरज पवार या मुलाची परीक्षकांनी खास दखल घेतली. २०१३ सालासाठी 'फँड्री'तील सोमनाथ अवघडे उत्कृष्ट बालकलाकार ठरला. २०१७ सालासाठी मंजुळे यांच्याच 'पावसाचा निबंध' या लघुपटाला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१ व्या पुरस्कारांत 'नाळ २' हा उत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातील तीन मुलांबरोबर 'जिप्सी'तील कबीर खंदारे यालाही बालकलाकाराचा मान मिळाला. ग्रामीण, भटक्या, गावकुसाबाहेरच्या मुलांचे चेहरे पडद्यावर आले, गौरवले गेले. याचे मोल मी कमी मानत नाही.

परंतु ही सारी मुले कॅमेऱ्यासमोर उभी होती. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्या तोंडावर येतो. तो कुठून मारायचा, केव्हा मारायचा हे मात्र एका मोठ्या माणसाने ठरवले होते. मंजुळे त्या जगण्यातून आलेले असल्यामुळे तो कॅमेरा परका नव्हता, ही मोठीच गोष्ट. तरीही मोठ्याने लहानाविषयी सांगणे आणि लहानाने स्वतः सांगणे यांत अंतर राहतेच.

राष्ट्रीय पुरस्कारांतील 'बालचित्रपट' म्हणजे मुलांसाठी केलेला चित्रपट. मुलांनी केलेल्याला तेथे वेगळी जागा नाही. अपवाद म्हणावा तर कन्नडमधील 'केअर ऑफ फुटपाथ'चा. किशन श्रीकांत या मुलाने वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी दिग्दर्शित केलेल्या या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला २००६ सालासाठीच्या पुरस्कारांत उत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. कथा कचरा वेचणाऱ्या फुटपाथवरच्या मुलाची. दिग्दर्शक मात्र त्याआधीच नावाजलेला बालनट होता.

मुलांनी केलेल्या लघुपटांना जागा मिळाली ती महोत्सवांतून. बालचित्र समिती १९५५ साली स्थापन झाली, तिचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९७९ च्या बालक वर्षापासून सुरू झाला आणि १९९५ नंतर तो हैदराबादला भरू लागला. तेथे 'लिटल डायरेक्टर्स' नावाचा, मुलांनीच केलेल्या चित्रपटांचा विभाग होता. आमचा किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या आणि नंतर राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आजही आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ. पण त्या विभागाची माहिती आमच्या शाळांपर्यंत कधी आली नाही. पुढे २०२२ मध्ये समितीच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. जागतिक पातळीवर संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २००९ पासून 'प्लुरल प्लस' नावाचा उपक्रम चालवला. स्थलांतर आणि सामाजिक समावेश हे त्याचे विषय, लांबी पाच मिनिटांच्या आत, वय पंचविशीपर्यंत. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या तांड्यांवरच्या पोरांकडे या विषयावर सांगण्याजोगे किती असेल याची कल्पना वाचकांनी करावी. इटलीतील गिफोनी येथे तर १९७१ पासून मुलांच्या चित्रपटांचे परीक्षण मुलेच करतात. आपल्याकडच्या जिल्हा-तालुका पातळीवरच्या स्पर्धांत परीक्षक कोण असतात हे सांगायला नको.

या चर्चेत एक उदाहरण टाळता येत नाही. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीतील मुलांच्या हाती छायाचित्रणाचे कॅमेरे देऊन 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स' हा माहितीपट केला गेला आणि २००५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. मुलांनी टिपलेली छायाचित्रे विलक्षण होती. पण ऑस्कर मिळाले ते मुलांविषयीच्या चित्रपटाला, मुलांच्या कामाला नव्हे. दोन्ही गोष्टी इतक्या सहजपणे एकमेकींत मिसळतात की टाळ्या कोणासाठी वाजल्या हे टाळ्या वाजवणाऱ्यालाही कळत नाही.

दलित साहित्याच्या वाचकाला हा प्रश्न नवा वाटू नये. 'बलुतं' १९७८ साली आले, 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, 'उचल्या' १९८७ साली. या आत्मकथनांतला केवढा तरी भाग बालपणाचा आहे. मात्र ते बालपण सांगणारा माणूस मोठा झालेला आहे; तो शिकला आहे, आंबेडकरी विचार त्याने पचवला आहे, आपल्याबाबत जे घडले ते काय होते हे त्याला आता ठाऊक आहे. त्याच्या प्रत्येक आठवणीला त्या जाणिवेची धार आहे, आणि तेच त्या पुस्तकांचे सामर्थ्य आहे. पण जे मूल ते सारे सोसत होते, आणि ज्याला त्याचे नाव माहीत नव्हते, त्या मुलाने तेव्हाच काय पाहिले? त्याच्याजवळ तेव्हा भाषा नव्हती, कागदही नव्हता. आता त्याच्या हातात फोन आहे. मुलांच्या लघुपटांत मला रस वाटतो तो यामुळे.

अमेरिकेत ही गोष्ट फार आधी घडली. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ साली ऑक्लंडमध्ये स्थापन झाला, हे आपल्याला पाठ आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहताना ते नाव तिकडूनच आले. त्याच सुमारास फिलाडेल्फियात ट्वेल्थ अँड ऑक्सफर्ड स्ट्रीट या भागातील काळ्या किशोरांच्या टोळीने 'द जंगल' नावाचा लघुपट केला. साल १९६७. टोळीच्या मारामाऱ्या, गल्लीतले वैर, भीती असे आपलेच जगणे त्या मुलांनी स्वतः लिहिले, स्वतः वठवले आणि स्वतःच चित्रित केले. पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या लेखी ही मुले गुन्हेगार होती. २००९ साली, म्हणजे ४२ वर्षांनी, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत जतन करण्याजोग्या कृतींत 'द जंगल'चा समावेश झाला. पारध्याच्या पोराला पकडताना इकडे अजून त्याचे नावसुद्धा विचारले जात नाही, हे येथे आठवते.

आता किनवटची गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन तासांसाठी म्हणून कर्ज काढून, शेळी विकून घराघरात फोन आले. तास फारसे झाले नाहीत, कारण गुड्यांवर आणि तांड्यांवर रेंजच नव्हती. पण पोरांना कॅमेरा कळला. ते पाहून २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी वस्तीच्या विहारात रविवारी मुलांना जमवायला सुरुवात केली. आठवी ते अकरावीची पंधरा-सोळा पोरे. बौद्ध वस्तीतली, तांड्यावरची, दोन-तीन गोंड आणि परधानांची. आम्ही त्यांना जे शिकवले ते आम्हालाच जेमतेम येत होते: फोन आडवा धरा, सूर्य पाठीशी ठेवा, वाऱ्याचा आवाज येतो म्हणून फोनच्या भोकावर रुमाल धरा. एका परधान मुलाने आजोबांची किंगरी चित्रित केली. वाऱ्याने निम्मे सूर खाल्ले, तरी ते काम मला आजही ऐकावेसे वाटते.

नववीतल्या एका मुलीने आईवर लघुपट केला. आई कापूस वेचायला जाते. लघुपट अकरा मिनिटांचा, आणि त्यातली नऊ मिनिटे आई नुसती चालते. डिसेंबरातली पहाट, धुके, आईची पाठ, डोक्यावरचे गाठोडे, टाचा. मुलगी मागून चालत चित्रित करते आहे. आई एकदाच मागे वळते आणि म्हणते, "मोबाइल ठेव, ठेच लागंल." मग वावर येते, कमरेला फडके बांधून बाया ओळी धरतात, आणि शेवटी संध्याकाळी काटा: लटकवलेला वजनकाटा, त्याचा हलणारा आकडा आणि तो पूर्ण थांबायच्या आत पोते उतरवून घेणारे दोन हात.

मी तो स्पर्धेला पाठवायचे ठरवले. स्पर्धेच्या अर्जात दोन अटी होत्या: लांबी पाच मिनिटांच्या आत आणि सामाजिक संदेश आवश्यक. अर्जावर 'मार्गदर्शक शिक्षकाचे नाव' असा रकाना होता आणि तो विद्यार्थ्याच्या नावाच्या वर होता. मी एका शनिवारी रात्री बसून लघुपट कापला. चालणे नऊ मिनिटांचे होते ते बारा सेकंदांचे केले. काट्याचे दृश्य काढून टाकले, कारण वावराचा मालक वजनदार माणूस आणि मुलीच्या आईला पुढच्या हंगामात तिथेच जायचे होते. शेवटी मुलगी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करते असे एक दृश्य नव्याने घेतले. त्यांच्या घरी वीज आहे. कंदील मी शेजारून आणवला. त्यावर बासरी लावली आणि मुलींच्या शिक्षणाविषयी चार वाक्ये माझ्याच आवाजात घातली. दुसरा क्रमांक आला. ढाल, प्रमाणपत्र, फोटो.

मुलीला मी कापलेला लघुपट बक्षीस मिळाल्यावर दाखवला. पाहून झाल्यावर ती म्हणाली, "सर, यात माय चालतच नाही. घरातून निघाली की एकदम वावरात." मी सांगितले की पाहणाऱ्याला कंटाळा येतो. तिने विचारले, "अन् काटा काहून काढला?" मी म्हणालो, तुझ्या आईचे काम जाईल. ती गप्प बसली. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

तेव्हा मला काही उमगले असे नव्हे. मला राग आला होता. त्यानंतर काही दिवसांनी अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या एका प्रयोगाविषयी वाचत होतो. १९६६ साली सोल वर्थ आणि जॉन अडेर या दोन अभ्यासकांनी ॲरिझोनातील पाइन स्प्रिंग्ज येथे काही नावाहो तरुण-तरुणींना कॅमेरे दिले, यंत्र चालवायला शिकवले आणि काय घ्यायचे हे मात्र सांगितले नाही. काम सुरू होण्याआधी सॅम याझी नावाच्या एका वृद्धाने विचारले होते की यामुळे मेंढरांना काही अपाय होईल का. नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्याने विचारले, काही फायदा होईल का. तेही नाही म्हटल्यावर, मग करायचे कशाला, असा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाला त्या विद्वानांजवळ सोपे उत्तर नव्हते. मलाही आमच्या वस्तीत कोणी तो विचारला असता तर माझ्याजवळही नव्हते.

त्या प्रयोगात सुझी बेनली या तरुणीने आपल्या आईवर, आल्टा कान यांच्यावर, लघुपट केला. विषय होता आईचे विणकाम. पण विणणे त्यात थोडे. मेंढ्या, लोकर, रंगासाठी मुळे-पाला शोधणे आणि त्यासाठी केलेली पायपीट हेच फार. इतरांच्या लघुपटांतही चालणे असेच पसरलेले होते. बाहेरच्या प्रेक्षकाला वाटे की मुख्य गोष्ट सुरूच होत नाही. वर्थ आणि अडेर यांच्या ध्यानात आले की करणाऱ्यांच्या लेखी चालणे हीच मुख्य गोष्टींपैकी एक आहे. त्यांनी १९७२ साली यावर पुस्तक लिहिले आणि २००२ साली हे लघुपटही त्याच राष्ट्रीय सूचीत गेले. वाचता वाचता मला माझे बारा सेकंद आठवले. मूळ अकरा मिनिटे मुलीच्या फोनमध्ये सुदैवाने शिल्लक होती.

२०२४ च्या बुद्धपौर्णिमेला रात्री विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून आम्ही पूर्ण लघुपट दाखवला. मी धरून चाललो होतो की लोक उठून जातील. चालणे सुरू झाले आणि बायांनी वावरांची नावे घ्यायला सुरुवात केली. हे अमक्याचे, ती तमक्याची विहीर, इथे मागच्या साली साप निघाला होता. पोरे हसत होती. मग एका जागी मायची पाठ मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळली, घरांच्या मागून, उकिरड्याच्या कडेने मोठा वळसा घालून पुन्हा रस्त्याला लागली. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अजून तिकडूनच जातीस का गं?"

सगळे एकदम शांत झाले. मुलीची आई थोड्या वेळाने म्हणाली, "पायाला सवय हाय."

तो वळसा कशाचा, हे त्या वस्तीतल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ठाऊक होते. पूर्वी आपल्या माणसांनी मधल्या आळीतून जायचे नाही असा दंडक होता. दंडक गेला, पाय राहिले. मुलीला मी नंतर विचारले, तुला माहीत होते का? ती म्हणाली, "मला वाटलं, तोच रस्ता हाय." तिने तो दाखवला, कारण तिच्यासाठी तो रस्ताच होता. आणि मी, जो स्वतः अशाच वस्तीत वाढलो, वर्गात 'बलुतं' शिकवतो, त्याने ते दृश्य लॅपटॉपवर चार वेळा पाहिले आणि लांबण म्हणून कापले. संदेश हवा म्हणून कंदील आणला.

काट्याचा प्रश्न इतका सरळ सुटला नाही. ते दृश्य आले तेव्हा मुलीची आई म्हणाली, "तोंड तर कुणाचंच दिसत नाही, पोरीनं निस्ते हात घेतले." म्हणजे ज्या धोक्यापायी मी ते काढले त्याचा विचार मुलीने चित्रित करतानाच केला होता. मी विचारलेच नव्हते. पण दुसरी एक बाई म्हणाली की हात ओळखणारेही असतात, उद्या कामावर घेतले नाही तर तुमचे बक्षीस चुलीत घालायचे का? वाद बराच वेळ चालला. ठरले ते असे की काट्यासह लघुपट वस्तीत कितीदाही दाखवावा. बाहेर पाठवायचा तर वावरात असलेल्या सगळ्या बायांना विचारून.

आपल्या शेजारीच, बिदर ओलांडले की तेलंगणातील जहीराबादजवळ पस्तापूर येथे, दलित शेतमजूर बायांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साथीने कॅमेरा हाती घेतला. त्यांतल्या पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी कोनांना आपली नावे दिली. वरून खाली पाहणारा तो पटेल शॉट, कारण जमीनदार तसे पाहतो. खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट. समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवणारा तो संघम शॉट, कारण संघात सगळ्या जमिनीवर एका पातळीत बसतात. चित्रपटाच्या तंत्राची इतकी नेमकी फोड मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेली नाही. आमच्या मुलांना मी हे सांगितले तेव्हा एका पोराने विचारले, मग पाठीमागून घेतलेल्याला काय म्हणायचे? मायची पाठ दाखवणारी ती मुलगी, परत येऊ लागली होती, म्हणाली, "पोरीचा शॉट."

शिक्षक मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की मुलांचा मूळ लघुपट, कितीही लांब, हलता, वाऱ्याने भरलेला असो, पुसू नका. कात्री चालवायचीच असेल तर ती मुलाच्या हाती द्या आणि आपण शेजारी बसा. ज्यांना त्यात दाखवले आहे त्यांना परीक्षकांच्या आधी दाखवा. ढाल मिळाली तर हरकत नाही. आमच्या मुलीच्या घरी ती अजून देव्हाऱ्याच्या जागी, बाबासाहेबांच्या तसबिरीजवळ ठेवलेली आहे आणि मायला तिचा अभिमान आहे. मी लाजावे आणि तिनेही लाजावे असे थोडेच आहे?

ती मुलगी यंदा अकरावीला आहे. परवा आणखी एका स्पर्धेचा अर्ज आला, तो तिने पाहिला आणि म्हणाली, "पाठवा सर, पण चालणं ठेवून." वावरातल्या सातपैकी पाच बायांनी हो म्हटले आहे, दोघींना अजून विचारायचे आहे. अर्जात लांबीची मर्यादा पाच मिनिटे आहे. तिला कापायचे नाही, आणि या खेपेस मीही कापणार नाही. आयोजकांना मर्यादा वाढवण्याविषयी पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. मुदत महिनाअखेर संपते.